वारा सुटला होता काय?

खासदाराला प्रश्न पडत नाहीत, ते पाडावे लागतात. हे काम मी नोकरीतली बरीच वर्षं केलं.

मी धुळ्याची. टंकलेखन आणि लघुलेखन शिकून एका सरकारी कचेरीत चिकटले होते. तिथून आमच्याकडच्या एका खासदारांची स्वीय सहाय्यक म्हणून गेले. त्यांना लहानथोर सगळे ‘नाना’ म्हणायचे, मीही इथे तेवढंच म्हणते. नाना मनाने चांगले. लग्न, बारसं, दहावं आणि उद्घाटन यांतलं एकही चुकवायचे नाहीत. संसद या चारांपैकी कशातच मोडत नसल्यामुळे तिथे गेल्यावर काय करायचं, हे त्यांना नीटसं उमगत नसे. त्यासाठी मी होते.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळावा म्हणून थोडक्यात सांगते. अधिवेशन चालू असलं की लोकसभेचा दिवस अकरा वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने उघडतो. प्रश्न दोन जातींचे. तारांकित, म्हणजे ज्याला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं आणि ज्यावर खासदाराला दोन उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित, म्हणजे ज्याचं लेखी उत्तर येतं आणि भांडायला समोर कोणी नसतं. प्रश्न पंधरा दिवस आधी द्यायचा. मग सोडत निघते. तारांकितांच्या यादीत रोज वीस जण बसतात आणि तासाभरात त्यातल्या पहिल्या चार-पाचांनाच तोंड उघडायला मिळतं. बाकीची उत्तरं ‘पटलावर ठेवली’ असं धरतात. पटल म्हणजे सभागृहाच्या मधलं टेबल. देशातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या टेबलावर ठेवलेली आहेत. ती उचलून कोणी घरी नेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

नानांच्या जळगावच्या कार्यालयात प्रश्न घेऊन येणाऱ्यांची कमी नव्हती. धरणगावचे एक गृहस्थ दर सोमवारी यायचे. त्यांच्या मेहुण्याने सामाईक बांधावरचं लिंबाचं झाड तोडलं होतं, ते लोकसभेत मांडा म्हणायचे. मी म्हटलं, “काका, हा राष्ट्रीय प्रश्न नाही.” ते म्हणाले, “मेहुणा राष्ट्रीय पक्षात आहे.” चाळीसगावच्या एका व्यापाऱ्यांना रेल्वेगाडीला थांबा हवा होता. मागणी रास्त होती, पण गाडी कोणती हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. “कोणतीही चालेल, ताई. थांबली पाहिजे.” असे प्रश्न मी ऐकून घ्यायची, चहा पाजायची आणि त्यातला एखादा धुऊन-पुसून दिल्लीला पाठवायची.

उत्तरंही ठरलेली असत. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ म्हणजे कोणी काही गोळा करत नाही. ‘बाब विचाराधीन आहे’ म्हणजे कोणी विचार करत नाही. आणि सगळ्यांत देखणं उत्तर म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. प्रश्नाचे अ, ब, क असे भाग असतात. ‘अ’ला ‘नाही’ म्हटलं की ‘ब’ आणि ‘क’ आपोआप मरतात. चांगला उत्तर लिहिणारा सगळा जीव ‘अ’मध्ये ओततो.

अशात एक दिवस सिंधूअक्का आल्या.

रावेरकडच्या एका गावातल्या केळी लावणाऱ्या शेतकरीण. साठीच्या, उंच, आवाज शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा. सोबत गावातले पाच-सहा जण होते, पण बोलत होत्या त्याच. उन्हाळ्यात त्यांच्या शिवारात वादळ झालं होतं. घड लागलेल्या केळी रांगेच्या रांगेने आडव्या झाल्या. पंचक्रोशीतल्या बाकी गावांना विम्याची भरपाई लागू झाली, यांच्या गावाला नाही.

कारण साधं होतं. वाऱ्याचा वेग ठरवायला गावोगाव हवामानाचं यंत्र बसवलेलं असतं. एक खांब, त्याच्या टोकाला गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या. वारा आला की वाट्या फिरतात, आकडा आपोआप वर जातो. यांच्या गावच्या यंत्राने त्या दिवशीचा वारा कळवला होता शून्य.

“वारा शून्य असताना केळी पडल्या कशा, असं नाही विचारलंत?” मी म्हटलं.

“विचारलं ना. पाहनी कराले साहेब आलता, त्याले विचारलं,” अक्का म्हणाल्या. “तं तो म्हने, तुमीच पाडल्या असतीन. बठ्ठ्या गावासमोर म्हने.”

सगळ्या गावासमोर, हे ऐकताना सोबतच्या माणसांनी माना खाली घातल्या. अक्कांनी नाही घातली.

“पोरी, तू एवढंच विचार त्यायले. त्या दिवशी वारा सुटला व्हता का नही. बाकी काही नको.”

मला हा प्रश्न फार आवडला. इतक्या वर्षांत इतका स्वच्छ प्रश्न कोणी आणला नव्हता. मी तो अतारांकितात घातला. अ, अमुक गावात अमुक दिवशी वादळी वारा सुटला होता काय. ब, असल्यास नुकसानीचा तपशील. क, त्यावर केलेली कार्यवाही. उत्तर आलं, ‘अ, नाही. ब आणि क, प्रश्न उद्भवत नाही.’ कोणत्या खात्याचं, ते सांगत नाही. सगळी खाती एकाच विहिरीचं पाणी पितात.

मी अक्कांना फोन करून वाचून दाखवलं. 

“म्हंजे दिल्लीनंबी तेच म्हनलं.”

“तसंच.”

“दिल्लीले वारा लागला नही म्हनून आमाले लागला नही?”

मग म्हणाल्या, “तू ये अठी. पाह्य त्या यंत्राले.”

मी गेले. सहाय्यकाने जागेवर जायचं नसतं, असा एक अलिखित नियम आहे. जागेवर गेलं की प्रश्न अवघड होतो. ग्रामपंचायतीच्या मागे, गोदामाच्या आवारात ते यंत्र होतं. होतं म्हणजे पडलेलं होतं. खांब बुडापासून वाकून जमिनीला टेकला होता, तीन वाट्यांपैकी दोन मातीत रुतल्या होत्या आणि तिसरीत कोणाच्या तरी कोंबडीला पाणी ठेवलेलं होतं. खांबाच्या पोटातला दिवा मात्र मिणमिणत होता. म्हणजे यंत्र जिवंत होतं. वादळाने पहिल्याच झटक्याला ते आडवं केलं आणि आडवं झाल्यापासून ते इमानाने कळवत होतं, वारा शून्य, वारा शून्य. खोटं ते बोलत नव्हतं. मातीत तोंड खुपसलेल्याला वारा लागत नाही, एवढंच.

मी हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी मला बागेत नेलं. पडलेली झाडं उचलून बांधावर टाकली होती, वाळून त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या.

“घड लागेल केय म्हंजे पोटुशी बाई असते,” त्या म्हणाल्या. “तिले कोन पाडीन? त्या साहेबाले मी असं विचारलं, तं तो मोबाइलात पाहत व्हता.”

मी दुसरा प्रश्न तयार केला. या वेळी ‘अ’मध्ये फट ठेवायची नाही असं ठरवलं. लिहिलं, ‘सदर गावातील हवामान यंत्र उभे आहे की आडवे पडले आहे?’ प्रश्न परत आला. कारण, प्रश्नात उपरोधिक शब्दप्रयोग आहे. नियमच आहे तसा, प्रश्नात तर्क नको, आरोप नको, उपरोध नको. एखादी वस्तू पडली आहे का असं विचारणं उपरोध कसा होतो, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण सरकारी वस्तूंबद्दल तो होत असावा. मी शब्द बदलले, ‘सदर यंत्राच्या सुस्थितीबाबत तपशील काय आहे?’ हा मंजूर झाला. आणि नशीब बघा, तारांकितांच्या सोडतीत निघाला, तोही तिसऱ्या क्रमांकावर.

नानांना सांगितलं तेव्हा ते पांढरे पडले.

“ताई, हाई काय करं तू? आते माले बोलनं पडी!”

“नाना, दोनच वाक्यं आहेत. पहिला उपप्रश्न, त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या गावांत वारा होता तर याच गावात शून्य कसा? दुसरा, यंत्र पडलेलं असताना त्याची नोंद ग्राह्य कशी? कागद देते.”

“मराठीत बोलू का?”

“बोला ना. आधी कळवलं की दुभाषा मिळतो.”

नानांनी विचार केला. “नको. हिंदीत बोलतो. देश ऐकतो ना.”

नानांची हिंदी आमच्या खानदेशी बाजाराची. भुसावळ स्टेशनात ती पुरते, त्यापलीकडे तिला उतरवून घ्यायला कोणीतरी लागतं. पण ते ऐकेनात.

अक्कांना मी कळवलं, तर त्या म्हणाल्या, मी येते. नानांनी प्रेक्षक कक्षाचा पास दिला. अधिवेशनासाठी मी दिल्लीला निघाले, त्याच गाडीने अक्काही निघाल्या. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खांडवा गेल्यावर मी सहज विचारलं, “अक्का, तुमच्या बागेची भरपाई किती बसेल?”

“माही? काहीच नही. मी विमाच काढेल नव्हता.”

मी बघतच राहिले. “मग हे सगळं कशासाठी?”

“काढला असता तं तुमी म्हनले असते, म्हतारी पैशासाठी फिरते,” त्या म्हणाल्या आणि दशमी माझ्या हातात दिली. “मले त्यानं खोटारडं म्हनलं. मह्या नातवायसमोर म्हनलं. खाय.”

प्रेक्षक कक्षात बसण्याची एक शिस्त असते. बोलायचं नाही, वाकायचं नाही, बोट दाखवायचं नाही, पाय पसरायचे नाहीत. अक्का लुगडं नेटकं करून ताठ बसल्या. शेजारी मी. त्या दिवशी सभागृह चालणार की गोंधळात तहकूब होणार, याची मला धास्ती होती. पण विरोधकांचा कोणी मोठा नेता गावाला गेला असावा, कारण सभागृह चाललं. पहिला प्रश्न लांबला. दुसऱ्या क्रमांकाचे सदस्य हजर नव्हते. नानांचं नाव अपेक्षेपेक्षा लवकर पुकारलं गेलं. नाना तेव्हा शेजारच्या बाकावरच्यांना मुलीच्या लग्नाचं आमंत्रण देत होते.

मंत्री उठले, “विवरण सभा पटल पर रख दिया गया है,” म्हणाले आणि बसले.

अक्का माझ्या कानाशी आल्या. “कुठी ठेवलं? मले तं दिसलं नही.”

“तसं म्हणायची पद्धत आहे.”

“मंग उत्तर?”

“तेच उत्तर.”

विवरणात लिहिलं होतं, यंत्र कार्यरत आहे व नियमित नोंदी पाठवत आहे. शब्द न् शब्द खरा.

नाना उपप्रश्नाला उभे राहिले. कागद हातात होता, मला वरून दिसत होता. पण नानांनी आधी अध्यक्षांचे आभार मानले, मग मंत्र्यांचे, मग मंत्र्यांच्या खात्याचे. मग केळीचं महत्त्व सुरू केलं. अध्यक्ष म्हणाले, प्रश्न विचारा. नाना केळीतल्या जीवनसत्त्वांवर होते. अध्यक्ष पुन्हा म्हणाले, प्रश्न विचारा. नाना गडबडले, कागद खाली पडला, आणि त्यांच्या तोंडून निघालं,

“साहेब, हवा चली थी के नहीं चली थी, इतनाच बता दो!”

सभागृह हसलं. मंत्री हजरजबाबी होते. ते उठून म्हणाले, “हवा तो चलती रहती है। माननीय सदस्य अपने क्षेत्र में अपनी हवा की चिंता करें।” बाकं वाजली. नानांच्या पक्षातलेही हसले. लोकसभेत विनोद झाला की पक्ष उरत नाही, देशाची एकात्मता त्या वेळी दिसते.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबलेले होते. खाली नाना उभेच होते. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. मान लाल झाली होती. वाकून कागद उचलावा, तर तोही सुचत नव्हता. अध्यक्ष म्हणाले, दुसरा उपप्रश्न. नाना ओरडले,

“हसो मत! वो तुम्हारा खंबा खडा है के आडा पडा है? मेरी अक्का ऊपर बैठी है, उनको बताओ!”

प्रेक्षक कक्षाकडे हात करणं सभागृहाच्या नियमात बसत नाही. अध्यक्षांनी ते कामकाजातून काढून टाकायला सांगितलं. आणखी मोठा हशा झाला. मंत्री हसत हसत अर्धवट उठले, “ठीक है, दिखवा लेता हूँ,” म्हणाले, आणि अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला.

बाहेर आल्यावर नाना तोंड चुकवत होते. “अक्का, माफ करा. बठ्ठं उलटं व्हई गयं.”

अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “तू चिडला, बापू. ते बरं झालं. आतापोतर कोनी चिडलंच नव्हतं.”

जळगावात त्या संध्याकाळपासून नानांची चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली. विरोधकांनी त्यांचं नाव ‘हवा नाना’ ठेवलं. रिक्षावाले त्यांना पाहून “हवा चली क्या?” म्हणायचे. नानांनी मग महिनाभर लग्नांनासुद्धा जाणं टाळलं, यावरून काय ते समजा.

मला मात्र दुसरंच काही ऐकू आलं होतं. ‘दिखवा लेता हूँ.’ मंत्री हे वाक्य घोटभर पाणी प्यावं तसं बोलून जातात. पण संसदेत एक समिती असते, तिचं काम एकच, मंत्र्यांनी सभागृहात काय काय करतो म्हटलं, ते वेचून ठेवायचं आणि झालं का म्हणून खात्याच्या मागे लागायचं. ‘बघतो’ हे आपल्या घरात उत्तर नसतं, तिथे ते आश्वासन असतं. त्या समितीने नानांच्या त्या फजितीतून नेमका तो एक शब्द उचलला आणि खात्याला विचारलं, बघितलं का?

खात्याने आधी गप्प राहून पाहिलं. मग, हे आश्वासन नव्हतं, बोलण्याच्या ओघात आलेला शब्द होता, तो वगळावा, अशी विनंती केली. समितीने वगळला नाही. मग मुदत मागितली. ती मिळाली, संपली, पुन्हा मिळाली. दरम्यान मंत्री बदलले. पुढच्या केळीचा घड उतरला. आणि एक दिवस अक्कांच्या गावात खरोखरच गाडी आली, माणसं उतरली, त्यांनी खांब सरळ केला, वाट्या धुतल्या, कोंबडीचं पाणी ओतून दिलं आणि फोटो काढून गेली.

मग आश्वासन पूर्ण केल्याचा अहवाल पटलावर आला. मी तो वाचला आणि खुर्चीतून उठले. यंत्र दुरुस्त केलं म्हणायचं, तर ते का बिघडलं होतं, हे लिहावं लागतं. लिहिणाऱ्याने सरळ मनाने लिहिलं होतं, ‘सदर गावी सुटलेल्या सोसाट्याच्या वाऱ्यामुळे यंत्राचा खांब कोसळला होता.’ खाली वादळाचा तोच दिवस. ज्या खात्याने वारा सुटला नाही म्हणून कळवलं होतं, त्याच खात्याने. आधीचं उत्तर कोणी काढून पाहिलं नसावं. पाहायची पद्धत नाही.

गावाच्या भरपाईची फाईल त्या वाक्याच्या जोरावर पुन्हा उघडली. काहींना पैसे मिळाले, काहींची फाईल अजून जळगाव-मुंबई फेऱ्या मारते आहे. ती हकिगत वेगळी आणि कंटाळवाणी आहे. अक्कांनी अहवालाची प्रत मागून घेतली आणि विचारलं, “तो पाहनीवाला साहेब आता कुठी असतो?”

त्याची बदली धुळ्याला झाली होती. अक्का म्हणाल्या, “धुळं तुहं माहेर ना? चाल.”

आम्ही एसटीने गेलो. त्याचं कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. मी मनात भाषणं जुळवत होते. समोर बसला होता पस्तिशीचा, थकलेला, सभ्य मुलगा. टेबलावर फायलींचा ढीग. आम्हाला बसा म्हणाला, चहा सांगितला.

“मले ओयखलं का?” अक्कांनी विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे पाहिलं. “नाही, अक्का. कुठल्या तुम्ही?”

अक्कांनी गावाचं नाव सांगितलं. वादळाचं सांगितलं. तो मान हलवत राहिला, आठवत नव्हतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्या उन्हाळ्यात त्याने कितीतरी गावं पाहिली होती.

“तू म्हनला व्हता, आमीच केयी पाडल्या.”

“मी?” तो चपापला. “असं मी कसं म्हणेन, अक्का? कामाच्या ताणात काहीतरी निघून गेलं असेल.”

मला वाटलं, आता अक्का उसळतील. दिल्लीच्या सभागृहातसुद्धा ज्यांनी हात मांडीवर दाबून धरले होते, त्यांचे ते हात आता मोकळे होते. पण त्यांनी पिशवीतून अहवालाची प्रत काढली, त्याच्यासमोर ठेवली आणि त्या ओळीवर बोट टेकवलं.

“वाच.”

त्याने वाचलं. वर पाहिलं. पुन्हा वाचलं.

“आता तोंडानं सांग. वारा सुटला व्हता का नही?”

तो माझ्याकडे पाहू लागला, जणू मी काही नियम काढून त्याला सोडवीन. दारात चहावाला कप घेऊन उभा राहिला होता, तोही आत येईना.

“सुटला होता, अक्का,” तो म्हणाला.

“मोठा व्हता?”

“मोठा होता.”

अक्कांनी मान हलवली. कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग चहावाल्याला म्हणाल्या, “आन बापू, थंडा होतो,” आणि पहिला कप उचलून त्या साहेबाच्या पुढे सरकवला.